मोहाखालची ओल

बिजाटोल्याच्या जंगलात झाडांच्या अंगावर बुगड्या आल्या, त्या सालापासून ही गोष्ट सांगायला हवी. साल होतं २०४१.

बुगडी हे नाव गावाने दिलेलं. कागदोपत्री तिला ‘जलताण संवेदक’ म्हणत. शर्टाच्या बटणाएवढी काळपट चकती, तिच्या पोटात एक बारीक खिळा. छातीच्या उंचीवर झाडाच्या सालीत तो खिळा ठोकला की चकती सालीला चिकटून बसायची आणि दिवसाच्या उन्हावर वर्षानुवर्षं चालायची. गडचिरोलीच्या उत्तरेकडचं बिजाटोला हे शहात्तर घरांचं गाव, आणि भोवतीचं सातशे हेक्टर सार्वजनिक जंगल सांभाळायचा हक्क ग्रामसभेकडे. ‘लोकवन अनुदान’ नावाची सरकारी योजना आली तेव्हा पहिल्या वर्षी निवडलेल्या सहा गावांत बिजाटोल्याचं नाव लागलं. अनुदानाबरोबर अडीच हजार बुगड्या आल्या, आणि त्या ठोकायचं काम सगुणा नैतामकडे आलं.

सगुणा तेव्हा चाळिशीची. विज्ञान घेऊन बारावी झालेली, सून होऊन गावात आलेली. वन समितीची झाडनोंद तीच ठेवायची. जंगलाच्या कोणत्या कुपात, म्हणजे तुकड्यात, किती ऐन, किती धावडा, कोणतं झाड कधी वठलं, हे तिला तोंडपाठ असे. नागपूरच्या संस्थेतून वेदांत खापर्डे नावाचा तरुण शास्त्रज्ञ तिला शिकवायला आला. बुगडी नेमकं काय ऐकते, हे त्याने पहिल्याच दिवशी एका तोडलेल्या फांदीवर दाखवलं.

झाडाच्या खोडात केसांहून बारीक नळ्या असतात. मुळापासून पानापर्यंत पाण्याची अखंड दोरी त्यांतून ताणलेली असते. पान उन्हात वाफ सोडतं आणि ती दोरी वर ओढतं. जमिनीत पाणी भरपूर असेल तर ओढ सुसह्य असते. पाणी आटलं की ताण वाढतो, वाढत वाढत एका क्षणी दोरी तुटते, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. दोरी तुटताना अगदी बारीक टकटक होते. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, बुगडीला येते. किती नळ्या तुटल्या, किती वेगाने तुटताहेत, हे मोजून संस्थेतलं यंत्र सांगायचं की हे झाड आणखी किती उन्हाळे काढेल.

पहिल्या उन्हाळ्यात यंत्राने त्रेसष्ट झाडांची नावं दिली. ही दोन वर्षांत वाळतील, असं भाकीत. गावाने एकाही झाडाला हात लावला नाही, नुसती वाट पाहिली. पारा अठ्ठेचाळीसच्या वर जाणारे दोन उन्हाळे गेले, आणि त्रेसष्टांतली एकोणसाठ झाडं उभी वाळली. त्यानंतर बुगडीवर शंका घेणारं गावात कुणी उरलं नाही. सगुणा तर नाहीच नाही.

योजनेतली मुख्य अट त्यानंतर आली. पाणी कमी आणि तोंडं जास्त, असा तो हिशोब. जी झाडं मरणारच आहेत ती आधीच काढून टाकली तर त्यांच्या वाटचं पाणी बाकीच्यांना मिळेल आणि जंगल टिकेल. दरवर्षी यंत्राकडून यादी येणार, ग्रामसभेने ती पाळायची, पाहणी झाली की अनुदानाचा पुढचा हप्ता मिळणार. त्या अनुदानातून गावात रोपवाटिका उभी राहिली होती. अठरा बायका तिथे बारमाही कामाला होत्या. उन्हाळ्यात वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला माणसं लागत, नाल्यावर दगडी बांध घालायचे होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दिवाळीनंतर गाव मजुरीपायी रिकामं झालं नव्हतं.

पहिल्या तोडीच्या यादीत तीनशे चाळीस झाडं होती. त्यांत नाल्याकाठचे सात मोह होते.

जंगल सगळ्यांचं असलं तरी मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात. कोणत्या झाडाखाली कुणी फुलं वेचायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. नाल्याकाठचे अकरा मोह मनकीबाईच्या वाट्याचे. मनकीबाई म्हणजे सगुणाची थोरली जाऊ. सगुणाचा नवरा घरात सगळ्यांत धाकटा, त्यामुळे दोघींत वीसेक वर्षांचं अंतर. सगुणा लग्न होऊन आली तेव्हा तिला गावची वाट, गावची बोली आणि मोह वाळवायची रीत, सगळं मनकीबाईनेच शिकवलं होतं. सगुणा तिला बाई म्हणायची आणि तिचं ऐकायची.

त्या यादीच्या वेळी मात्र सगुणा बोलली आणि मनकीबाईने ऐकलं. सगुणा टॅब घेऊन तिच्या अंगणात बसली, एकेका झाडाच्या ताणाची रेघ उघडून दाखवली. ही रेघ बघा बाई, दुपारी कशी चढते, शेजारच्या बिजाच्या झाडाची बघा कशी सपाट आहे. हे मोह पाच-सहा वर्षांहून जास्त जगणार नाहीत, आणि जगतील तोवर लहान झाडांचं पाणी ओढत राहतील. मनकीबाई बराच वेळ त्या रेघांकडे पाहत होती. मग तिने एवढंच विचारलं, की तुझी खात्री आहे का. सगुणा म्हणाली, आहे.

“मंग तोडा,” मनकीबाई म्हणाली.

थंडीत सात मोह पडले. उताराकडचे चार अजून यादीत नव्हते, ते राहिले.

*

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये नवी यादी आली. सगुणाने ती नेहमीप्रमाणे नकाशावर उतरवायला घेतली आणि तिचा हात थांबला. यादीत मनकीबाईचे उरलेले चारही मोह होते, ते एकवेळ अपेक्षित होतं. पण त्यांच्याशिवाय नाल्याकाठची एकशे साठ तरुण झाडंही होती. बिजा, ऐन, थोडे तेंदू. वर्षभरापूर्वी यांच्याच रेघा सपाट होत्या. यांच्यासाठीच तर मोह तोडले होते.

तिने लाल पेनाने एकेक ठिपका दिला. ठिपके नकाशावर विखुरले नाहीत, त्यांची गोल कडी झाली. एका कड्याच्या मधोमध मोहाचा बुंधा, दुसऱ्याच्या मधोमध दुसरा बुंधा. सात बुंधे, सात कडी.

तिने वेदांतला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. यंदाचा उन्हाळा लवकर लागलाय, तोडीमुळे सावली कमी झाली असेल, जमीन तापली असेल, असं तो म्हणाला. हे सगळं खरंच असू शकत होतं. पण सावली कमी झाल्याने झाडं होरपळली असती तर ती तोडीच्या सगळ्याच जागी होरपळायला हवी होती. पहिल्या यादीतले धावडे आणि सालई तोडले होते तिथे भोवतालची झाडं खुशाल होती. कडी फक्त मोहांभोवतीच होती. तेव्हा वेदांत म्हणाला, “सगुणाताई, माझ्याकडे जमिनीतल्या ओलाव्याचे आकडे नाहीत. बुगडी झाडाचं ऐकते, जमिनीचं नाही.”

रोपवाटिकेत ओलावा मोजायच्या सळ्या होत्या. सगुणाने त्या मागून आणल्या. तीन ठिकाणी तिने हातभर खोल खड्डे घेतले. एक उभ्या मोहाखाली, एक तोडलेल्या मोहाच्या बुंध्याशी, एक एकट्या सागाखाली. दिवस मावळताना एकदा आणि उजाडताना एकदा, अशी बारा दिवस ती मोजत राहिली. पावसाचा थेंब नव्हता. सागाखाली आणि बुंध्याशी ओलावा दिवसेंदिवस नुसता उतरत होता. मोहाखाली तो दिवसभर उतरायचा आणि सकाळी पुन्हा थोडा चढलेला असायचा. रोज. बाराच्या बारा दिवस.

सगुणाने आकडे पाठवले आणि वेदांतचा दुसऱ्या दिवशी फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता. हे पुस्तकांत आहे, तो म्हणाला, आम्हीच ते हिशोबात धरलं नव्हतं. मोहाचं मूळ खोल जातं, जिथे दुसऱ्या झाडांची मुळं पोचत नाहीत. दिवसा पानं ओढ लावतात, म्हणून खालचं पाणी वर चढतं. अंधार पडला की पानांची तोंडं मिटतात, ओढ थांबते. पण खोलवरचं मूळ ओलं असतं आणि वरची माती ठणठणीत कोरडी. ओलं फडकं कोरड्या फडक्याला टेकवलं तर ओल इकडून तिकडे जाते, तसंच हे. मोहाच्या वरच्या मुळांतून पाणी मातीत झिरपतं आणि उजाडेपर्यंत शेजारची लहान झाडं ते पिऊन घेतात. म्हणून मोह सकाळी उठतो तोच अर्धा रिकामा, आणि दुपारी त्याच्या नळ्या इतरांपेक्षा जास्त तुटतात.

“म्हणजे यंत्र चुकलं?” सगुणाने विचारलं.

“नाही. तो मोह लवकर मरणार, हे यंत्राचं खरंच आहे. तो कशापायी मरतोय, एवढं आपण त्याला विचारलं नव्हतं.”

वेदांत संस्थेत बोलणार होता, पण यंत्राची रीत बदलायला वर्ष तरी जाणार होतं. आणि यादी पाळली की नाही याची पाहणी यंदा उन्हाळ्यातच, सतरा दिवसांवर आली होती.

*

समितीचे अध्यक्ष रामसाय उईके हे साठीचे, सावध गृहस्थ. अनुदान गावात आणण्यासाठी त्यांनी चार वर्षं जिल्ह्याच्या कार्यालयात चपला झिजवल्या होत्या. त्यांनी नकाशा पाहिला, आकडे पाहिले. सगुणा खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते अस्वस्थ झाले. आत्ता हे कुणाला सांगू नको, ते म्हणाले. यादी पाळू, हप्ता येऊ दे, मग तुझा अहवाल मीच वर नेतो.

“यादी पाळली त तिथं सांगाले काय उरते भाऊ?” सगुणा म्हणाली. “चार मोह अन् एकशे साठ झाडं. मंग पुढच्या साली त्याच्या बाहेरचं कडं.”

“अन् नाही पाळली त अठरा घरात काय उरते, ते पण मोज,” रामसाय म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता.

त्या अठरा घरांत मनकीबाईचं घरही होतं. तिची सून सुशीला रोपवाटिकेत मुकादम होती. ग्रामसभा भरायच्या आदल्या सकाळी सगुणा मनकीबाईकडे गेली. मनकीबाई टोपलीला शेण-माती लिंपत होती. सगुणा समोर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सात मोह तोडायला लावले ते चुकलं, बाई. ते बाकीच्यांना पाणी पाजत होते. माझ्या शब्दावर तुम्ही हो म्हटलं.

मनकीबाईचा हात थांबला नाही. टोपली फिरवत ती म्हणाली, “त्या झाडाखाली सकाळी माती ओलीच राहते. फुलं पडायच्या आधी मी पालापाचोळा झाडत होती ना, त उन्हाळ्यातबी पाला पायाले चिकटे. दुसऱ्या झाडाखाली नाही चिकटत.”

चाळीसेक वर्षं ही बाई पहाटे त्या झाडांखाली अनवाणी चालत होती. बारा दिवस सळ्या रोवून सगुणाने जे शोधलं ते तिच्या तळव्यांना ठाऊक होतं.

“बाई, मंग तेव्हा बोलल्या काहून नाही?”

आता मनकीबाईने टोपली खाली ठेवली.

“तू विचारलंच नाही. तू त मले सांगाले आली होती.”

ती रागाने बोलली नव्हती, आणि म्हणूनच सगुणाला ते अधिक लागलं. मग मनकीबाई आपणहून म्हणाली, की सगळा दोष तुझ्यावर टाकत नाही. त्या दिवशी माझ्याही मनात सुशीलेचं काम होतं. पाला पायाला चिकटतो, एवढ्याशा गोष्टीवर अठरा जणींच्या कामाला आडवं जायला माझी जीभ उचलली नाही. तिने सगुणाला पाणी दिलं नाही, की उठून जा असंही म्हटलं नाही. सगुणा आपणच उठली.

*

बिजाटोल्यात हात वर करून मोजणी होत नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं, अशी रीत. त्या वेळी गाव तीन दुपारी बसलं.

पहिल्या दुपारी सगुणाने नकाशा भिंतीला लावला आणि आपली चूक आधी सांगितली, मग आकडे. रोपवाटिकेतल्या बायकांनी विचारलं की चार झाडांसाठी आम्ही घरी बसायचं का. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि हप्ता थांबू शकतो हे सगुणाने लपवलं नाही. दुसऱ्या दुपारी मधला मार्ग निघाला: निम्मी यादी पाळू. रामसायांनी कार्यालयात फोन लावून पाहिला. नव्वद टक्क्यांच्या खाली हप्ता नाही, असं उत्तर आलं. कुणी म्हणालं, यंत्रच सांगतं की ते मोह मरणार आहेत, मग मरणाऱ्या झाडापायी जिवंत माणसांचे हाल का करायचे.

तिसऱ्या दुपारी मनकीबाई उठली. ग्रामसभेत ती आजवर बोलली नव्हती.

“मरतील त मरू द्या,” ती म्हणाली. “मरेपर्यंत पाजतील. तोवर लहान झाडाची मुळं खाली जातील, नाही जातील, ते त्याहीचं नशीब. पण पाजणाऱ्याले आपण होऊन तोडलं, असं नको. माह्या सुनेचं काम जाते, हे मले दिसते. तरी म्हणतो मी.”

सुशीला खाली मान घालून बसली होती. ती उठून निघून गेली, पण नको म्हणाली नाही. सूर्य कलला तेव्हा रामसायांनी शेवटचं विचारलं आणि कुणीही नको म्हटलं नाही. ठराव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. यादी पाळणार नाही. का पाळणार नाही, ते सोबत जोडलं आहे.

हप्ता थांबला. जूनमध्ये रोपवाटिका बंद झाली. दिवाळीनंतर अकरा जणी तेलंगणात मिरची तोडायला गेल्या, त्यांत सुशीला होती. नळावर काही बायका सगुणा आली की घागर उचलून निघायच्या. रामसाय कामापुरतं बोलायचे. सगुणाचा नवरा समजुतीचा होता, पण एकदा जेवताना तोही म्हणाला, की तू वर्षभर गप्प बसली असतीस तर काय झालं असतं. सगुणाने खरं तेच सांगितलं, की मलाही रोज तसंच वाटतं.

ती मोजत राहिली. सकाळी आणि दिवस मावळताना. पुढच्या उन्हाळ्यात वेदांत वीस सळ्या आणि दोन विद्यार्थी घेऊन आला. सहाही गावांत त्यांनी मोजलं. मोहाखाली सगळीकडे तसंच निघालं, काही ठिकाणी अर्जुनाखालीही. यंत्राला नवा हिशोब शिकवला गेला. झाड स्वतः किती जगेल याबरोबर ते गेल्याने भोवतालची किती जगतील, हेही आता ते पाहू लागलं. ठराव झाल्यापासून अठराव्या महिन्यात अनुदान पुन्हा सुरू झालं, रोपवाटिकेचं कुलूप उघडलं. मनकीबाईच्या चार मोहांतले दोन त्या सुमारास वाळले. यंत्राने दिलेल्या मुदतीच्या आत, अगदी बरोबर. त्यांच्याभोवतीच्या झाडांपैकी निम्मी जगली. निम्मी गेली.

अनुदानाच्या नव्या अर्जात वेदांतच्या सांगण्यावरून एक रकाना घातला होता: ‘स्थानिक माहिती आहे / नाही.’ सगुणाने तो खोडायला लावला आणि त्या जागी कोरं पान मागितलं. पानाच्या वर एकच प्रश्न छापून आला: या झाडाखाली कोण जातं, आणि त्यांनी काय पाहिलं आहे?

ते पान घेऊन ती घरोघर फिरू लागली. एका घरी अर्धा दिवस जायचा. रामसाय एका तेंदूबद्दल इतकं बोलले की जेवायची वेळ टळली. मनकीबाईकडे ती मुद्दाम शेवटी गेली. बाई बाजाराला गेली होती आणि ओसरीवर सुशीला एकटी तांदूळ निवडत बसली होती. मिरचीच्या हंगामापासून ती सगुणाशी एक शब्द बोलली नव्हती. सगुणा पायरीशी उभी राहिली आणि तिने पानावरचा प्रश्न वाचून दाखवला.

“मोहाचं सासूले विचार,” सुशीला म्हणाली. “मले काय ठाऊक.”

सगुणा हो म्हणाली, पण गेली नाही. सुपातले खडे एकेक करून बाहेर पडत राहिले. मग सुशीला मान वर न करता म्हणाली,

“रोपवाटिकेत साहेब म्हणे, पिशवीत नदीकाठची माती घाला. त्या मातीत बिजाची रोपं अर्धी मरत. मी मोहाखालची माती आणून टाकत होती. एकबी मरत नव्हतं. कोणाले सांगितलं नाही.”

काहून, हा शब्द सगुणाच्या ओठांपर्यंत आला. तिने तो मागे घेतला.

“किती माती टाकत होती?” तिने विचारलं.

“ओंजळभर,” सुशीला म्हणाली, आणि सूप उचलून तिने सगुणाला बसायला जागा केली.